मालक, सालदार आणि बदक

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘कॉम्प्युटर इंजिनिअर’ असं लिहिलेलं होतं. मी पेंटरला ‘कॉम्प्युटर रिपेअर’ लिहायला सांगितलं होतं, पण त्याच्याकडे आधीच्या कुणा गिऱ्हाइकाचा ‘इंजिनिअर’चा कापलेला पुठ्ठा तयार होता. त्यानं आपले श्रम वाचवले आणि मला पदवी मिळाली. वर्ध्यातल्या लोकांनी पाटीवर विश्वास ठेवला आणि काही वर्षांनी मीही ठेवायला लागलो. त्याआधी मी नालवाडीत रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत होतो. टीव्ही बंद पडला की बाजूला थाप मारायची, हे त्या धंद्यातलं मूळ ज्ञान. कॉम्प्युटरच्या धंद्यातही सुरुवातीला मी तेच वापरलं, आणि खरं सांगतो, बऱ्याचदा चाललं.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या व्यवसायातल्या यशाबद्दल लिहा’ असं कळवलं. यशावर माझं पोस्टकार्ड भरणार नाही. फजितीवर मात्र अंक भरेल, पण त्यांनी जागा थोडी दिली आहे. म्हणून एकाच रोगाबद्दल लिहितो, जो मी आधी स्वतः पसरवला आणि मग त्याच्या इलाजाचे पैसे घेतले.

रोग समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. नव्वदीतलं विंडोज म्हणजे बिनकुलपाचं घर होतं. जो बसेल तो मालक. कुणीही यावं, भिंतीत खिळा ठोकावा, चूल पेटवावी, जाताना दार उघडं टाकावं. त्या काळात लिहिलेली सॉफ्टवेअरंही तशीच वाढली. मनात येईल तिथं खिळे ठोकायची, विंडोजच्या पोटात आपल्या फायली कोंबायची. मग एक्सपी आलं आणि घरात दोन जातीची खाती झाली. एक मालकाचं, त्याला सगळं करायची मुभा. दुसरं भाडेकऱ्याचं. भाडेकऱ्यानं राहावं, जेवावं, काम करावं, पण भिंतीला हात लावू नये. व्यवस्था चांगली होती. भाडेकऱ्यानं चुकून चोराला आत घेतलं, तरी चोर त्याच्या खोलीपुरताच राहतो.

घोळ जुन्या सॉफ्टवेअरचा झाला. त्यांना जुनी सवय. भाडेकऱ्याच्या खात्यातही ती उठून मालकाच्या भिंतीत खिळा ठोकायला जायची. मशीन ‘परवानगी नाही’ म्हणायचं, आणि सॉफ्टवेअर रुसून बंद पडायचं. जाताना पडद्यावर असा काही संदेश टाकायचं की वाचणाऱ्याला वाटावं, आपल्याच खानदानात काही दोष आहे.

माझ्याकडे यावर एक हमखास औषध होतं. भाडेकऱ्यालाच मालक करून टाकायचं. माऊसच्या दोन टिचक्यांचं काम. सॉफ्टवेअर चालायचं, गिऱ्हाईक चहा पाजायचं, मी स्कूटरला किक मारायचो. वर्धा जिल्ह्यात मी इतके मालक तयार केले की भाडेकरू शोधून सापडू नये.

फक्त आष्टीच्या वसंतरावांकडे गाडं वेगळ्या जागी अडलं. वसंतरावांचं धान्याचं दुकान. तिथं मी एकदाच, का कोण जाणे, व्यवस्थित काम करायचं ठरवलं. वसंतरावांचं खातं मालकाचं आणि त्यांच्या मुनीमाचं भाडेकऱ्याचं. एक्सपीच्या भाषेत या भाडेकऱ्याच्या खात्याला ‘लिमिटेड’ म्हणायचे. वसंतरावांनी पडद्यावर ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काऊन जी, दुकान माहं, अन् लिमिटेड मुनीम?”

मी समजवायला गेलो. ते ऐकेनात.

“पाटीवर लिमिटेड लिहाले लोकं वकील लावतेत. तू फुकट देऊन राह्यला, त मले दे ना बाप्पा!”

शेवटी वसंतराव लिमिटेड झाले आणि मुनीम मालक झाला. दोघंही खुश. या प्रसंगातून मला एक मोठा धडा मिळायला हवा होता. तो तेव्हा मिळाला नाही, मी चहा पिऊन परत आलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. वर्ध्यात नानाजींचा छापखाना होता. नानाजी म्हणजे पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि बोटांना शाई. लग्नपत्रिका हा मुख्य धंदा. शहराबाहेर थोडी शेती होती, आणि तिथं वर्षाच्या बोलीवर ठेवलेला एक शेतगडी, म्हणजे आमच्याकडचा सालदार. छापखान्यात नानाजींखालोखाल मंदाताई. मंदाताई मूळच्या जुळारी. शिशाचे खिळे उलटे वाचून मजकूर जुळवणाऱ्या. नानाजींनी जुनं मशीन आणि खिळे भंगारात काढले तेव्हा मंदाताईंवरही भंगारात जायची पाळी आली होती. पण त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर की-बोर्ड शिकला. मराठी टाईप करायचं एक सॉफ्टवेअर नानाजींनी विंडोज ९८ च्या काळात घेतलं होतं. त्यात मंदाताईंनी स्वतःच्या सोयीसाठी शेकडो शॉर्टकट साठवले होते. ‘सनि’ टाईप केलं की ‘सस्नेह निमंत्रण’, ‘आवि’ म्हटलं की ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘शुभविवाह’पर्यंत अख्खी ओळ. जिल्ह्यातली आडनावं तर दोन अक्षरांत. त्या जोरावर त्या एका दुपारी इतक्या पत्रिका उरकायच्या की नानाजी कौतुकानं काही म्हणायचे नाहीत. त्यांचं न बोलणं हेच कौतुक.

मग नानाजींनी एक्सपीचं नवं मशीन घेतलं. जुनं सॉफ्टवेअर त्यावर चढवायला मला बोलावलं. ते बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढली होती, पण तिची किंमत ऐकून नानाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि “जुनंच चालव” म्हणाले.

मी दोन खाती केली. एक मंदाताईंचं, भाडेकऱ्याचं. दुसरं माझ्या देखभालीसाठी, सर्व हक्कांचं. त्याला नाव काय द्यावं? मला वाटलं, सोपं, कळणारं मराठी नाव द्यावं. मी दिलं, ‘मालक’. त्यावर पासवर्ड ठेवला नाही. यालाही कारण आहे. सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या एका दवाखान्यात मी पासवर्ड ठेवला होता, पण ठेवताना मराठी की-बोर्ड चालू राहिला. मशीन सुरू होताना मराठी नसतं, त्यामुळे तो पासवर्ड मला परत कधीच टाईप करता आला नाही. सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागलं. डॉक्टरांना मी सांगितलं, व्होल्टेजचा झटका होता. तेव्हापासून मी पासवर्डला जरा दबकून होतो.

नानाजींच्या मशीनवर अपेक्षेप्रमाणे सॉफ्टवेअर मंदाताईंच्या खात्यात रुसलं. मी हमखास औषध दिलं. मंदाताईही मालक झाल्या. चहा, स्कूटर, किक.

लग्नसराईच्या ऐन भरात नानाजींचा फोन आला. “इंजिनेर, लवकर येजो. मशीन चिनी बोलून राह्यली.”

गेलो तर खरंच. मराठी अक्षरांच्या जागी पडद्यावर टोपीवाले ए, उलटे प्रश्नचिन्ह, पौंडाच्या खुणा. बाजूच्या बाकावर आष्टीचे वसंतराव बसलेले. त्यांच्या मुलीचं लग्न. पत्रिकेचा मजकूर पक्का करायला आले होते आणि समोर पाहत होते.

“नानाजी, माहा जावई चांगल्या घरचा हाय. त्याच्या नावात हे पौंड काऊन?”

नानाजींनी मंदाताईंकडे बोट केलं. “हिनं कोनाची तरी सीडी घातली असन. रोज पार्ट्या मजकूर आनतेत अन् ही घालते.”

 मंदाताई मान खाली घालून टेबलावरची शाई पुसत होत्या. टेबलावर शाई नव्हती.

मी मशीन तपासलं. बाहेरून आलेल्या पाहुण्यानं फॉन्टच्या फोल्डरमध्ये धुमाकूळ घातला होता, आणि मंदाताईंची शॉर्टकटची फाईलही गेली होती. पाहुणा आला कुठून, तेही दिसलं. ‘मालक’च्या खात्यात, पडद्याच्या मधोमध, ‘फुकट कुंडली’ नावाचा प्रोग्रॅम. ते खातं मी त्यानंतर वापरलेलं नव्हतं. मंदाताईंनी नव्हतं. मग?

नानाजी कॉम्प्युटरसमोर बसतात हे मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी मंदाताई घरी गेल्या की ते मशीन लावायचे. पडद्यावर दोन नावं यायची, ‘मंदा’ आणि ‘मालक’. तुम्हीच सांगा, छापखान्याच्या मालकानं कशावर टिचकी मारावी?

नानाजी बाहेर गेल्यावर मी मंदाताईंना हळूच विचारलं, “ताई, तुम्हाले माहीत होतं?”

“होतं ना भाऊ. कुंडलीची सीडी त्यायले त्यायच्या साडभावानं देल्ली. लग्नाच्या पार्टीले गुणमिलनही करून देऊ म्हने.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

“मालकाचं नाव मी घेऊ? खिळे भंगारात गेले तवा मी वाचली. आता मालकाले चोर म्हनलं त कोन वाचवन?”

 नानाजींना सांगायची जबाबदारी खरं म्हणजे माझी होती, कारण ते नाव मीच ठेवलं होतं. पण समोर वसंतराव, त्यांच्या पोरीची पत्रिका, आणि नानाजींचा राग. मी म्हटलं, आधी मशीन उभं करू.

शॉर्टकटच्या फाईलची प्रत माझ्याकडे फ्लॉपीवर होती. अभिमानानं काढली. ती मी दुकानात एका जुन्या स्पीकरवर ठेवलेली होती. रेडिओवाल्यानं स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं हे विसरू नये, पण इंजिनिअर विसरला. फ्लॉपी कोरी. मंदाताई “ठीक हाय भाऊ” म्हणाल्या आणि पहिल्यापासून शॉर्टकट भरायला बसल्या. त्यांच्या त्या ‘ठीक हाय’पेक्षा नानाजींच्या शिव्या परवडल्या.

आता मात्र मी ठरवलं, मंदाताईंचं खातं भाडेकऱ्याचंच ठेवायचं आणि जुनं सॉफ्टवेअर त्यातच चालवायचं. म्हणजे पुन्हा काही झालं तर कुणी त्यांच्याकडे बोट करू नये. ‘मालक’वर पासवर्डही ठेवला, इंग्रजीतून, दोनदा तपासून. एका मासिकात वाचलेली युक्ती काढली. बसायचं मंदाताईंच्या खात्यात, पण तेवढं एक सॉफ्टवेअर मालकाच्या नावानं चालवायचं. तसं चित्र पडद्यावर करून दिलं. टिचकी मारली, चाललं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की चहा मी पाजला.

दोन दिवसांनी वसंतराव छापील पत्रिका न्यायला आले. पत्रिकाच नव्हती. म्हणजे छापली नव्हती, कारण मंदाताईंनी जुळवलेला मजकूर मशीनमधून नाहीसा झाला होता. आदल्या दिवशी त्यांनी तो स्वतः साठवला होता. मला पुन्हा बोलावणं.

“नानाजी, हात जोडतो,” वसंतराव म्हणत होते, “लग्न माह्या पोरीचं हाय, मशीनचं नाई. पावन्यायले काय तोंडी सांगत फिरू?”

नानाजी माझ्याकडे वळले. “इंजिनेर, ऐकजो. ही शेवटची बार. आता काई बिघडलं त कंपोझिंग मी नागपूरवरून करून आनतो. मंदा घड्या घालत बसन पत्रिकेच्या.”

घड्या घालायच्या. जिल्ह्यातली आडनावं दोन अक्षरांत लिहिणाऱ्या बाईनं. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला थाप मारायला टीव्हीही जवळ नव्हता.

मजकूर गेला नव्हता. माझ्या अकलेमुळे तो शेजारच्या घरात गेला होता. सॉफ्टवेअर मालकाच्या नावानं चालत होतं ना, मग त्यानं साठवलेलं सगळं मालकाच्या कपाटात जाऊन पडलं. मंदाताई शोधत होत्या आपल्या कपाटात. मी पासवर्ड टाकून मालकाचं कपाट उघडलं, पत्रिका काढून दिली. छापायला घेतली. वसंतराव दारातच स्टूल टाकून बसले, शेवटची पत्रिका निघेपर्यंत उठले नाहीत.

मग मी ते काम केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. एक फुकटचा छोटा प्रोग्रॅम असतो, पहारेकऱ्यासारखा. कोणतं सॉफ्टवेअर कोणत्या दाराशी गेलं आणि कुठून हाकललं गेलं, याची तो ओळीनं नोंद करतो. मी त्याला पहाऱ्यावर बसवलं आणि मंदाताईंच्या खात्यात जुनं सॉफ्टवेअर सुरू केलं. पडद्यावरून ओळी धावल्या. मी डोळे फाडून ‘परवानगी नाही’ एवढंच शोधत होतो.

मला वाटलं होतं, या म्हाताऱ्याला अख्खं घर लागत असणार. तसं काही नव्हतं. त्याला स्वतःचं फोल्डर हवं होतं, कारण मंदाताईंचे शॉर्टकट तो तिथंच लिहायचा. विंडोजच्या पोटातली एक चिमुकली फाईल हवी होती, आणि मशीनच्या मोठ्या नोंदवहीतलं एक पान. बस्स. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं लोकांना घराच्या सातबाऱ्यावर चढवत होतो. मी मंदाताईंच्या खात्याला तेवढ्याच जागांच्या किल्ल्या दिल्या. बाकी सगळं बंद.

“ताई, करून पाहा.”

मंदाताईंनी ‘सनि’ टाईप केलं. ‘सस्नेह निमंत्रण’ उमटलं. त्यांनी सॉफ्टवेअर बंद केलं, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा ‘सनि’. राहिलं होतं. मग त्यांनी एक नवा शॉर्टकट भरला. काय भरला ते मला दाखवलं नाही, नुसत्या हसल्या. पुढे कळलं, ‘इं’ टाईप केलं की ‘व्होल्टेजचा झटका’ येत असे. दवाखान्याची गोष्ट गावभर झाली होती.

राहता राहिले नानाजी. ते आपल्या कुंडलीसाठी माझ्याकडे पासवर्ड मागणार, हे नक्की. आणि छापखान्याच्या मालकाला ‘मालक’चा पासवर्ड नाही म्हणायची छाती माझ्यात नव्हती. तेव्हा मला आष्टीच्या दुकानातला तो धडा उशिरा पोचला.

मी माझ्या खात्याचं नाव बदललं. नानाजींसाठी एक नवं भाडेकऱ्याचं खातं उघडलं आणि त्याला नाव दिलं, ‘मालक’. एक्सपीत प्रत्येक नावापुढे चित्र लावता येत असे. मालकापुढे घोडे लावले. माझ्या सर्वाधिकारी खात्याला नाव दिलं ‘सालदार’, आणि त्यापुढे पिवळं बदक.

नानाजींनी पडदा निरखून पाहिला. “घोडे बरे हायेत. पन हा सालदार कोन?”

“झाडझूड करायचं खातं आहे, नानाजी. मी आलो की त्यात बसतो.”

“बरं हाय. तुले शोभते.”

काही दिवसांनी फोन आलाच. “इंजिनेर, मशीन मले नाई म्हनून राह्यली! मी मालक हाओ ना?”

“काय करत होते, नानाजी?”

“हे... एक सीडी घालत होतो.”

“नानाजी, प्रोग्रॅम टाकायचं काम सालदाराचं. मालकानं स्वतः कशाला करावं? तुम्ही शेतात स्वतः वखर हाकता काय?”

पलीकडे सीडीचा कप्पा बाहेर आल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “नाई. तेही बरोबर हाय.” आणि फोन ठेवला.

पुढचं मला मंदाताईंनी सांगितलं. फोन ठेवल्यावर नानाजी ती सीडी हातात घेऊन बसून राहिले. उलटीसुलटी करून पाहिली. पडद्यावर ‘परवानगी नाही’ अजून तसंच होतं. मग ते मंदाताईंच्या टेबलाजवळ आले आणि सीडी त्यांच्यासमोर ठेवली.

“मंदा, ते चिनीचं... ते तुह्यानं नाई झालतं वाटते.”

“नाई, नानाजी.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“तुमी मालक हा.”

नानाजींनी टोपी सारखी केली. ती सीडी पुढे छापखान्यात चहाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून राहिली, आणि नागपूरचं नाव पुन्हा निघालं नाही. मी मात्र त्यांना स्वतःहून कधी काही सांगितलं नाही. जे मी बोलायला हवं होतं ते मशीन बोललं, एवढंच. मशीन दुरुस्त करणाऱ्यानं मशीनवर इतकं अवलंबून राहावं, हे काही बरं नव्हे.

नानाजी गेले, छापखाना बंद झाला. मंदाताईंनी ते मशीन मागून घेतलं आणि नालवाडीत घरच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं दुकान टाकलं. त्याची इंटरनेटची तार काढून ठेवली आहे, पण सॉफ्टवेअर तेच, शॉर्टकट तेच. मी दुकान आवरलं तेव्हा ‘सालदार’चा पासवर्ड त्यांना देऊन टाकला. माझी पाटीही देत होतो. त्यांनी पासवर्ड घेतला, पाटी घेतली नाही.

हा लेखही मी त्यांच्याकडेच बसून टाईप केला. संपादकांना माझं अक्षर लागत नाही. परवा गेलो तर मंदाताई म्हणाल्या, “भाऊ, तुमच्यासाठी येगळं खातं करून ठेवलं. बिनधास्त बसा.”

खातं त्यांनीच उघडून दिलं, मी बसलो. सवयीनं मशीनच्या तारखेचं काही नीट करायला गेलो, तर पडद्यावर आलं, ‘परवानगी नाही’.

मागे वळून पाहिलं. मंदाताई कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या घड्या घालत होत्या आणि हसू दाबत होत्या. मी खात्यातून बाहेर पडून त्याचं नाव वाचलं. ठसठशीत अक्षरांत ‘मालक’. आणि पुढे घोडे नव्हते, बदक होतं.